गावचा वाटा

आमच्या आईचा कोणावरच विश्वास नव्हता. ग्रोसरीवाल्याचा तराजू, बिल्डिंगचा वॉचमन, बाबांचे गाववाले, सगळे तिच्या लेखी संशयित. तो गुण माझ्यात पुरेपूर उतरलाय आणि मला त्याची अजिबात लाज वाटत नाही.

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या शेवटची. आम्ही दुबईत अल मनखूलला राहायचो. शुक्रवारी बाबांच्या कोकणातल्या गावचे चौघे आमच्याकडे जेवायला यायचे. साइटवर राबणारे, कामगारांच्या कॅम्पात राहणारे, बायकापोरं गावी. आई सुरमई तळायची आणि तळता तळता धुसफुसायची. चौघांतले एक काका सुतार होते. त्यांची मुलगी ओढ्यापलीकडच्या हायस्कुलात जायची. पावसाळ्यात ओढा भरला की एक तर तिची शाळा बुडायची, नाहीतर इथे काकांची झोप उडायची.

"एकदा साकव झाला ना दादा, की माझं टेन्शन खलास," ते बाबांना म्हणायचे. साकव म्हणजे पायी जाण्यापुरता छोटा पूल. ग्रामपंचायत तो वर्षानुवर्षं बांधणारच होती.

एअरपोर्टवर गाडीच्या सोडतीचं तिकीट मिळायचं, पाचशे दिरहमचं. "म्हणजे जवळजवळ सहा हजार रुपये!" आई किंचाळायची. बाबा धरून पाच जण मिळून एक तिकीट घ्यायचे. जो सुट्टीवर गावी निघेल त्याने ते घ्यायचं, पण त्यावर नाव आणि फोन नंबर कायम बाबांचा, कारण फोन फक्त आमच्या घरी होता. हे मला तेव्हाच खटकलं होतं.

निघण्याआधी आमच्या स्वयंपाकघरात नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचे. वयाने मोठे काका देवाला सांगायचे, "बक्षीस लागलं तर पहिला वाटा गावाचा, साकवासाठी." बाकीचे एका सुरात म्हणायचे, "होय महाराजा!"

"जुगारात देवालाही पार्टनर केलंत?" आई म्हणायची. "बाजारात तुरी आणि इथे वाटण्या!"

माझा धाकटा भाऊ टीव्हीवरची नजर न हलवता विचारायचा, "बट हू गेट्स द कार?"

आणि एकदा खरंच गाडी लागली. फोन आईने उचलला. कोणीतरी फसवतंय म्हणून "राँग नंबर" सांगून ठेवूनही दिला. त्यांनी पुन्हा केला म्हणून बरं.

गाडी विकली. पैसे बाबांच्या खात्यात आले. आता हे चौघे गावचा वाटा विसरणार, अशी माझी खात्री होती. पैसा दिसला की माणूस बदलतो, हे मी आईकडून हजारदा ऐकलं होतं. पण तसं झालं नाही. सहा वाटे झाले, पाच माणसांचे आणि एक गावाचा. गावाचा पहिला निघाला, ग्रामपंचायतीच्या नावाचा ड्राफ्ट काढून बाबांनी पाठवला. तेवढ्यापुरता माझा अंदाज चुकला.

काही महिन्यांनी गावाहून फोटो आला. फोटोत साकव नव्हता. गावाच्या वेशीवर रंगीत कमान होती, दोन बाजूंना सिमेंटचे दोन हत्ती, आणि मधोमध संगमरवरी पाटीवर बाबांचं पूर्ण नाव. खाली लिहिलं होतं, दुबई.

बाबांनी लगेच सरपंचांना फोन लावला, भरपूर आरडाओरडा केला. सरपंचांचं म्हणणं सरळ होतं. साकवाला वरून मंजुरी लागते, कमानीला लागत नाही, आणि ड्राफ्ट ज्याने पाठवला त्याचंच नाव पाटीवर येणार.

"ती पाटी तरी काढायला सांगा," आई म्हणाली.

"सांगतो," बाबा म्हणाले. त्यानंतर गावी केलेला प्रत्येक फोन मी दाराआडून ऐकला. पाटीचा विषय त्यांनी कधी काढला नाही. फोटो मात्र बरेच दिवस त्यांच्या शर्टाच्या खिशात होता. मला त्यांचा राग आला, आणि त्यांची कीवही आली.

शुक्रवारी तिघे यायचे बंद झाले. ड्राफ्ट यांचा, पाटी यांची, मग कमानही यांनीच सांगितली असणार, असं कॅम्पात बोललं जाई. मला ते खोटं ठरवता येईना. शेवटी मी बाबांनाच विचारलं, "कमान तुम्ही सांगितलीत का?" ते माझ्यावर इतके भडकले की "नाही" म्हणायचं राहूनच गेलं.

सुतारकाका तेवढे सुट्टीवर जाऊन आल्यावर आले. नेहमीसारखी आमसुलांची पिशवी आईच्या हातात दिली, पण चपला काढल्या नाहीत.

"कमान बघितली, दादा. चांगली झालीय."

"आत ये ना. बस, जेवून जा," बाबा म्हणाले. "पोर कशी आहे?"

"शाळेतनं काढली तिला. यंदा ओढ्यात वाहूनच जायची, झाडाला धरून राहिली म्हणून वाचली." काकांनी बाबांकडे नीट पाहिलं. "आता तुमच्या कमानीखालनं जाते रोज, काजूच्या कारखान्यात."