इतर हक्कमा काय शे?

कागद हातात आला की तो वरून वाचायला सुरुवात करायचा नाही. चष्मा कपाळावरून नाकावर आणायचा, ब्रश कानामागे खोचायचा आणि बोट सरळ उजवीकडच्या रकान्यावर ठेवायचा.

"आक्का, इतर हक्कमा काय शे?"

सातबाऱ्यावर जमिनीचा मालक ठळक दिसतो. त्या जमिनीवर आणखी कुणाचा दावा आहे, विकायला बंदी आहे का, हे इतर हक्काच्या रकान्यात बारीक अक्षरात असतं. आपण सगळे मालक वाचतो. तो रकाना वाचायचा.

तो वकील नव्हता, तलाठीही नव्हता. बोर्ड रंगवणारा पेंटर होता. खांडबाऱ्याजवळच्या पाड्यावर राहायचा. घरी त्याची बोली वेगळी, माझ्याशी मात्र अहिराणीत बोलायचा.

आणि मी? मी तेव्हा अठ्ठावन्न वर्षांची होते, म्हणजे अक्कल यायचं वय लांबच होतं. शाळेतून निवृत्त होऊन विसरवाडीच्या फाट्यावर जागा-प्लॉट विकायचं ऑफिस काढलं होतं. तीस वर्षं मुलांचे निबंध तपासले होते, त्यामुळे जाहिरातीतही निबंधच लिहायची. एकदा लिहिलं, 'निसर्गाच्या कुशीत घर.'

त्यानं वाचलं. "कुशीत म्हंजे रस्ता नही ना?"

नव्हता. 'रस्ता कच्चा' असं रंगवून तो मोकळा झाला. माझ्या वहीवर जन्मात कुणी लाल रेघ मारली नव्हती, ती या माणसानं पांढऱ्या रंगानं मारली.

दुसऱ्यांदा मी खांडबाऱ्याच्या एका घरासाठी 'स्टेशन पाच मिनिटांवर' असं लिहून दिलं. तो डबा ठेवून निघून गेला. तासाभरानं परत आला तो घामाघूम.

"आक्का, मी पळनू तरी पंधरा लागनात."

"गाडीवर पाच लागतात रे."

"ज्याले गाडी शे तो रेल्वेनं कसाले जाई?"

बोर्डावर 'स्टेशन पायी पंचवीस मिनिटं' आलं. मालक माझ्यावर चिडला. घर मात्र गेलं. घेणारी बाई म्हणाली, पायी किती लागतात ते पहिल्यांदाच कुणी खरं सांगितलं.

भाड्याच्या एका खोलीसाठी मी 'फक्त शाकाहारी, सुशिक्षित कुटुंबासाठी' असं लिहिलं, तेव्हा त्यानं ब्रश पाण्यात बुडवून ठेवला. "मी लिखसू," म्हणाला, "पन मन्हा हातले वाचता येस." मी कागद फाडला. लाज वाटली म्हणून फाडला असं सांगायला आवडलं असतं, पण दुसरा पेंटर मिळत नव्हता म्हणून फाडला.

प्लॉटच्या बोर्डावर तो आधी, प्लॉट विकायला लागणाऱ्या सरकारी नोंदणी क्रमांकाची चौकट आखायचा. नंबर नसला तर चौकट रिकामी राहायची आणि बोर्ड माझ्या ओट्यावर पडून राहायचा.

असाच एक बोर्ड पडून होता. हायवेलगतची जमीन, मालक बाहेरगावचा, गोड बोलणारा. पेंटरचं बोट रकान्यावर थांबलं. जमीन कधीकाळी सरकारकडून मिळालेली, परवानगीशिवाय विकायला बंदी.

"परवानगी येऊ दे. मंग लिखसू."

"अरे, अर्ज केलेला आहे."

"अर्ज तर मी बी करेल शे. घरकुलना."

"तू पेंटर शे का तहसीलदार?" मी ओरडले.

ब्रश पुसून तो घरी गेला. मी नवापूरला गेले. फ्लेक्सचं मशीन कागद मागत नाही. 'एन. ए. प्लॉट, ताबा लगेच', आणि खाली माझ्या ऑफिसचं नाव. फोटो काढला आणि मोबाइलवर सगळीकडे पाठवला. फार हुशार होते मी.

त्याची एकुलती एक मुलगी नवऱ्यासोबत सुरतेला साड्यांच्या कारखान्यात होती. बापाजवळ येऊन राहायचं म्हणून दोघं वर्षानुवर्षं साठवत होती. फोटो फिरत फिरत तिच्यापर्यंत गेला. आक्काच्या ऑफिसातलं अक्षर बापानं वाचल्याशिवाय बाहेर पडत नाही, हे तिला लहानपणापासून... नाही, एवढं जुनं माझं ऑफिस नव्हतं. पण ठाऊक होतं. बापाला अचानक सांगून खूश करायचं म्हणून तिनं विचारलं नाही. प्लॉट घेतला.

परवानगी आली नाही. मालकाचा फोन लागेना. माझ्याजवळचं होतं ते मी दिलं. त्यात घर उभं राहणार नव्हतं.

तो आला तेव्हा मी दार अर्धंच उघडलं. त्यानं मोबाइल पुढे केला.

"आक्का, हाई अक्षर मन्हं नही ना?"

"नाही."

"पोरगीले वाटनं, बापनी वाचेल व्हई."

एवढंच बोलला. मग ओट्यावर बसला आणि पाणी मागितलं. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर मी उलट बोलले असते, मला ते जमतं. तो पाणी पिऊन गेला. पुढेही बोर्ड रंगवायला येत राहिला, कागद वाचत राहिला. फक्त माझी थट्टा करायची सोडली.

मुलगी सुरतेलाच राहिली. गेल्या हिवाळ्यात तो पाड्यावरच्या घरात एकटाच असताना वारला. शेजारणीला सकाळी कळलं.

त्याचं दिवसकार्य झाल्यावर मुलगी माझ्याकडे आली. हातात घराचा ग्रामपंचायतीचा उतारा होता.

"घर विकनं शे, आक्का. तुम्ही लिहा."

"मीच?"

"बाबा म्हणायचे, आक्काला आता लिहिता येतं."

घराच्या उताऱ्यावर इतर हक्काचा रकाना नसतो. मला माहीत होतं. तरी मी चष्मा नाकावर ओढून उजवीकडे बोट फिरवत राहिले.

मग त्याच्या दारातून निघून स्टेशनपर्यंत चालत गेले. मुलगी पंचवीस मिनिटांत पोचली; मला, दोनदा बसले, एकदा रडले, ते धरून चाळीस लागली. माझ्या ऑफिसच्या ओट्यावर त्याचा तो रिकाम्या चौकटीचा पत्रा अजून होता. तो उलटा केला आणि त्याच्याच ब्रशानं, वाकड्या अक्षरात लिहिलं: घर विकणे आहे. स्टेशन पायी पंचवीस मिनिटं. म्हाताऱ्या माणसाला चाळीस.