खाच गेलेला स्क्रू

संगीताचा फोन आला तेव्हा मी कासारवाडीच्या घरी ओट्यावर आरसा टेकवून दाढी करत होतो. संगीता माझी मुलगी, चाकणला दिलेली. "नाना, मामंजी गेले…" एवढंच बोलली आणि रडायला लागली. माझ्या अर्ध्या गालाला साबण तसाच. तोंडातून निघालं, "असा कसा गेला? माझं राहिलंय त्याच्याकडं!" पोरगी रडायची थांबली. तिला वाटलं म्हाताऱ्याला धक्का बसला. धक्का कसला? राग आला होता. महिना होत आला, अजून आहे. गेनूशेठ म्हणजे माझे व्याही. या माणसाच्या तोंडून एक शब्द ऐकायची मी दोन वर्षं वाट बघत होतो… 'चुकलो'. तो शब्द न बोलता माणूस दुपारी जेवून आडवा झाला आणि उठलाच नाही. सगळे म्हणाले, काय भाग्याचं मरण. मी म्हणतो, पळून गेला.

दहाव्याला नदीवर सगळं चाकण लोटलं होतं. मार्केटातले आडते, हमाल, कंपन्यांना बस लावणारे, पुढारी. पिंड ठेवल्या ठेवल्या कावळा शिवला. लोकांनी हात जोडले, म्हणाले, काही इच्छा राहिली नाही बघा. मी मनात म्हटलं, ही बघा लबाडी. मला लटकत ठेवून हा तृप्त! मग भाषणं झाली. दिलदार, दानशूर, शब्दाला जागणारा… एका पुढाऱ्यानं माइक माझ्यापुढं धरला, "पाव्हणं, दोन शब्द बोला." मी म्हणालो, "दोन शब्दांत मावायचा न्हाई. लिहून देतो." हे ते लिहिणं. मी चौथी शिकलेला आहे. पेपरच्या पुरवणीत छापणाऱ्यांनी ऱ्हस्व-दीर्घ खुशाल बघावं, मजकुराला हात लावू नये.

गेनूशेठ कांद्याचा व्यापारी. जमिनी कंपन्यांना गेल्या, पैसा आला, तरी कांदा सोडला नाही; घराला लागूनच गोदाम. पण घरातली एकही वस्तू यानं कधी घडवून घेतली नाही. बंगला घेतला तो बांधलेला, गाडी शोरूममधली, गणपतीचा देखावासुद्धा तयार आणायचा. "पैसं दिलं, वस्तू आली, इषय संपला," हे त्याचं पालुपद. आणि मी? मी सगळी नोकरी गिअरबॉक्स जोडायच्या लाइनवर काढली. माझ्या घरातला पंखा, मिक्सर, सायकल, सगळं मी एकदा खोलून बघितलेलं आहे. झाकण बंद असलेल्या वस्तूवर माझा विश्वास नाही. झाकण बंद असलेल्या माणसावर त्याहून नाही. असे आम्ही दोघं व्याही झालो. तरी खोटं का लिहू, माणसाचं हसणं मोठं होतं. गोदामात हसला की बाहेर रस्त्यावरचा ट्रकवाला वळून बघायचा. आणि माझ्या लेकीला तो कधी टाकून बोलला नाही. हेही लिहितो, नाहीतर म्हणाल, म्हातारा एकतर्फी लिहितो.

भांडण झालं ते आमच्या दोघांच्या नातीवरून. प्रांजल इंजिनिअरिंगला गेली. म्हणाली, लॅपटॉपवर मोठी ड्रॉइंगं गुदमरतात, टेबलावरचा कॉम्प्युटर पाहिजे. आता तो तयार घ्यायचा की भाग आणून जोडायचा? चाकणच्या हॉलमध्ये बैठक बसली. मी म्हणालो, जोडून घेऊ. आत काय बसवलंय ते आपल्याला ठाऊक राहतं, आणि उद्या कमी पडलं तर रॅमची एक पट्टी आणून खोचली की पळायला लागतो. गेनूशेठनं पानाला चुना लावत विचारलं, "आन बिघडला तर ग्यारंटी कोणाची? तुमची?"

"व्हय, माझी."

"मंग तुमची ग्यारंटी कोण देणार पाव्हणं? सत्तरी उलटली की!"

सगळे हसले. मीसुद्धा हसलो. इथवर ठीक होतं. प्रांजल म्हणाली, "मला नानांबरोबर जोडायचाय." ठरलं. दसऱ्याला चाकणलाच जोडायचा. मी तिला घेऊन चिंचवडच्या दुकानात गेलो, एकेक भाग हातात घेऊन बघितला. दसऱ्याच्या सकाळी खोकी मांडीवर घेऊन बसनं चाकणला पोचलो… तर हॉलमध्ये नवाकोरा तयार कॉम्प्युटर मांडलेला. झेंडूची माळ, हळदकुंकू, पेढे वाटून झालेले, भावकी जमलेली. आदल्या संध्याकाळी शोरूममधून आणला होता. आणि हा माणूस सगळ्यांसमोर मला म्हणतो, "या पाव्हणं! ह्ये सुटं काय आणलंय? भंगारवाला खालच्या आळीला बसतो." हॉल हसला. प्रांजल तेवढी खाली मान घालून उभी. मी खोकी खाली ठेवली नाहीत. म्हणालो, "गेनूशेठ, ज्या दिवशी 'चुकलो' म्हणाल त्या दिवशी तुमच्या घरी जेवीन. तवर तुमच्या ताटाला हात न्हाई." आणि तसाच उलट्या बसनं परत आलो. सणाचा दिवस. पुरणपोळीचा वास नाकात.

कॉम्प्युटर मी कासारवाडीला जोडला. सुट्टीच्या दिवशी प्रांजल आली, दोघांनी मिळून जोडला. अजून चालतो. गेनूशेठ कधी कामानं इकडं आला की माझ्या कॉम्प्युटरच्या डब्यावर ताप बघितल्यासारखा तळहात ठेवायचा आणि विचारायचा, "चालतंय का अजून?" मला घाई नव्हती. आणि वर्ष उलटायच्या आत माझा दिवस आला! प्रांजलची ड्रॉइंगं वाढली तसा तो तयार माल धापा टाकायला लागला. फाइल उघडेपर्यंत चहा उकळून होतो, म्हणायची. मग ती कॉलेजातून थेट माझ्याकडं यायला लागली. संध्याकाळी मी मुद्दाम गेनूशेठला फोन लावायचो, "नात हितं हाय, काळजी करू नका." हे एक वाक्य बोलताना जी गोडी वाटायची ती मला पेन्शन सुरू झाली तेव्हाही वाटली नव्हती. पलीकडून नुसतं "हूं" यायचं. मी म्हटलं, आता पडेल तोंडातून. आज पडेल, उद्या पडेल… आणि एक दिवस प्रांजल यायची बंद झाली. चाकणचा कॉम्प्युटर पळायला लागला होता. खरं वाटेना, म्हणून जाऊन बघितला. चुटकीत फाइल उघडली. गेनूशेठ खुर्चीवर मांडी घालून बसलेला. "मुरला, पाव्हणं, मुरला! तयार माल लोणच्यावाणी असतो. बरणीला हात लावायचा न्हाई, आपोआप मुरतो." लाइनवर आयुष्य काढलेल्या माणसाला कारण सापडलं नाही. त्या दिवशी घरी येऊन मी माझ्या कॉम्प्युटरवर उगाच फडकं मारत बसलो.

शेवटची भेट त्याच हॉलमधली. मी लेकीला भेटायला गेलो होतो. त्यानं स्वतः ताट वाढून माझ्यापुढं ठेवलं. "जेवा आता. म्हातारं झालो दोघं."

"म्हणा मंग."

"काय म्हणू?"

"तुमाला ठाऊक हाय."

त्यानं तोंड उघडलं. कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरकडं बघितलं. मग ते त्याचं मोठं हसू हसला आणि म्हणाला, "फुडल्या टायमाला बघू." ताट तसंच राहिलं…

दहावा, तेरावा झाला आणि प्रांजलचा फोन आला. "नाना, कॉम्प्युटर गिरणीसारखा आवाज करतोय, मधेच बंद पडतोय. माझा प्रोजेक्ट द्यायचाय. स्क्रूड्रायव्हर घेऊन या." मी धुतलेला सदरा घातला. चाकणला पोचल्यावर विहीणबाईंना म्हणालो, "भिंतीवरचा फोटो खाली घ्या. त्याच्या तोंडासमोर उघडणार."

"मेल्यावर तरी सोडा की माणसाला!"

"का सोडू? त्यानं मला सोडलं?"

विहीणबाईंनी माझ्याकडं बघितलं, हारासकट फोटो उतरवला आणि त्याच्याच खुर्चीवर ठेवला. "घ्या. बसवलाय. करा मनासारखं."

मागच्या झाकणाला शोरूमवाल्यानं एक कागदी चकती चिकटवली होती. ती फाटली की गॅरंटी संपली. ती मला जरा वाकडी दिसली. बोट फिरवलं तर डिंक. मग स्क्रू बघितला. त्याची खाच पार गेलेली, वाटीसारखी गोल झालेली. नको तेवढ्या मोठ्या तोंडाचा स्क्रूड्रायव्हर घालून जोरानं रेटला की असं होतं. शेवटी पकडीनं धरून काढला. झाकण उघडलं. पंख्यात गोदामातली कांद्याची टरफलं गच्च बसलेली, लाल, पातळ. म्हणून तो गुदमरत होता. आणि शेजारी रॅमच्या दोन पट्ट्या. एक हिरवी, एक काळी. काळी मागाहून खोचलेली.

"प्रांजल, हे कुणी केलं?"

ती फोटोकडं बघत म्हणाली, "आजोबांनीच. मोबाइलवर व्हिडिओ लावून. मी टॉर्च धरला होता. गोदामातला वजनकाटा खोलायचा स्क्रूड्रायव्हर घेतला. दुकानात न्यायला तयार नव्हते, दुकानवाला तुम्हाला सांगेल म्हणून. मला शपथ घातली. म्हणाले, कासारवाडीला कळलं तर म्हातारा वाजंत्री लावून येईल."

म्हणजे बरणीला हात यानंच लावला होता! माझं म्हणणं याला पटलं, यानं स्वतःच्या हातानं ते केलं, आणि वर मला लोणच्याच्या गोष्टी सांगितल्या. माझ्या विजयावर बूड टेकून हा माणूस माझ्यासमोर बसला, हसला, ताट वाढलं, आणि बोलला नाही. मी फोटोला जे बोललो ते छापण्याजोगं नाही. बोलता बोलता डोळे भरले. वाळल्या टरफलांनी डोळ्यांत पाणी येत नाही, हे कांद्याच्या व्यापाऱ्याच्या घरात सगळ्यांना ठाऊक असतं.

पंखा साफ केला. कॉम्प्युटर सुरू केला. गप्प चालला. विहीणबाई म्हणाल्या, "ह्येच की त्यांचं 'चुकलो'. आता जेवा."

"तोंडानं न्हाई म्हणाला."

"तोंडानं म्हणणारा असता तर तुमचा व्याही शोभला असता व्हय?"

मी जेवलो. पिठलं, भाकरी, बुक्कीनं फोडलेला कांदा. फोटो समोर तसाच ठेवायला लावला. आणखी एक भाकरी मागून घेतली. हरलेल्याच्या घरी जिंकलेल्यानं जेवावं तसा जेवलो. पण हिशोब मिटला असं कुणी समजू नये. झाकणाला मी नवा स्क्रू लावला आणि तो खाच गेलेला माझ्या सदऱ्याच्या खिशात टाकला. रोज सदरा बदलला की तोही खिसा बदलतो. पोराला सांगून ठेवलंय, मला नेताना खिसा रिकामा करू नका. वर गेलो की तो खुर्ची टाकून बसलेला असणार आणि म्हणणार, कसला स्क्रू, मी न्हाई बाबा. तेव्हा समोर धरायला पुरावा पाहिजे. पोरगा म्हणाला, "नाना, तो काय तिथवर येतोय? जळून जाईल." मी म्हणालो, "मला शिकवू नको. लोखंड जळत न्हाई."