ज्याची सही लागली नाही

राजाजीनगरहून श्रीकांतच्या घरमालकांचा फोन आला, तेव्हा मी भाजी निवडत होते. "अक्का, तुमचे श्रीकांत दार उघडेनात," एवढंच ते म्हणाले. तो झोपेतच गेला होता… त्याला आता महिना उलटला.

निपाणीचा हा मुलगा इथे बंगळूरला माझ्या नवऱ्याच्या हाताखाली इंजिनिअर म्हणून लागला आणि रविवारी आमच्याकडे जेवायला येऊ लागला. मला वहिनी म्हणायचा. त्याच कारखान्यातल्या शैलावर त्याचं प्रेम होतं. ती कन्नड, दुसऱ्या जातीची. आईला विचारतो, विचारतो म्हणत त्याने दोन वर्षं काढली. शेवटी ती काही न सांगता नोकरी सोडून गेली. तिला दिवस गेले होते, हे त्याला तिच्या मैत्रिणीकडून कळलं, तेही बाळ दत्तक गेल्यावर.

यशवंतपूरजवळच्या दत्तक देणाऱ्या संस्थेत मी त्याच्याबरोबर गेले होते. तिथल्या बाईंनी पाणी दिलं, शांतपणे समजावलं. आईवडिलांचं लग्न झालेलं असेल तर दोघांची संमती लागते. नसेल तर एकट्या आईची पुरते. फेरविचाराला तिला दोन महिने मिळाले होते, तेही सरले. बाळ कुठे आहे ते सांगता येणार नाही.

"पण मी जिवंत आहे ना?" श्रीकांत म्हणाला.

बाईंनी फाईल मिटली. पुढे वकिलानेही नकारार्थीच मान हलवली.

मग देवनहळ्ळीला शैलाच्या बहिणीच्या घरी जाऊन त्याने तिला गाठलं. मुलगा की मुलगी, एवढं तरी सांग म्हणून विनवलं. ती म्हणाली, "मी तुझी वाट बघत होते तेव्हा तू आईच्या होकाराची वाट बघत होतास. आता विचारू नकोस." त्यानेच शिकवलेल्या मराठीत हे बोलून तिने दार लावून घेतलं. मला हे सांगताना तो रडला नाही. "तिचं चुकलं नाही, वहिनी," म्हणाला.

त्याने लग्न केलं नाही. आमच्याकडचं येणंही हळूहळू कमी झालं… घरात नातवंडं असली की ताटावरून लवकर उठायचा.

परवा त्याच्या भावाबरोबर घर रिकामं करायला गेले. बाहेरची खोली, स्वयंपाकघर आवरून झालं. आतल्या खोलीत सामान असं काही नव्हतंच. पुसलेली फरशी, खिडकीला जाळी, आणि जमिनीलगतच्या प्लगच्या भोकांवर प्लॅस्टिकची झाकणं, रांगती मुलं असलेल्या घरात बसवतात तशी. त्याचं ते मूल आता कॉलेजात जात असेल. भावाने झाकण काढायला नख लावलं, पण ते घट्ट बसलं होतं. मी म्हटलं, राहू दे.