निम्म्या तारेची इस्त्री

"सख्ख्या बहिणीची लाँड्री त्यानंच पेटवली म्हणे! तिचं बरं चाललेलं बघवलं नाही मेल्याला." ही कुजबूज गल्लीत चहाबरोबर फिरली, आणि चहापेक्षा गरम होती.

कुजबूज ज्याच्याबद्दल होती त्या कॉइलवाल्याला लोक 'भागाकार' म्हणत. हीटर असो की इस्त्री, कॉइल भरली की तो व्होल्टला अँपिअरने भागून ओहम काढी, दोघांना गुणून वॅट काढी आणि चारही आकडे पुठ्ठ्यावर लिहून कॉइलला बांधून देई. लग्न का केलं नाही, असं कुणी छेडलं तर म्हणे, "मांडून पाहिलं बरेचदा. बाकी शून्य येईना."

त्याच्या हाताखाली शिकलं एकच माणूस, धाकटी बहीण. आई गेल्यावर ती त्याच्या कामाच्या टेबलावरच वाढली. तारेचं टोक दुमडून डावीकडे पिळायचं, ही त्याची खूण. "सगळं जग उजवीकडे पिळतं. आपला माल आपल्याला ओळखू आला पाहिजे." तो तीन पीळ देई. तिला तिनाचा भरवसा नसे, ती चार देई, आणि बोलणी खाई.

तिच्या लाँड्रीतल्या मोठ्या इस्त्रीची कॉइल त्यानेच भरली होती. दोनशे तीस व्होल्ट, पाच अँपिअर. म्हणजे शेहेचाळीस ओहम, साडेअकराशे वॅट. दोन महिन्यांत इस्त्रीची वायर पेटली आणि फळीवरचे घडी घातलेले कपडे खाक झाले. मग भागाकाराची गिऱ्हाइकं पायरीवरूनच परतू लागली. नाव गेलं तर हातात उरणार काय? एका सकाळी मीटर घेऊन तो लाँड्रीत गेला.

"या मेहुणे!" दाजींनी स्वागत केलं. "उरलंसुरलं पेटवायला आलात?"

त्याने इस्त्री उघडली, कॉइलला मीटर लावला. तेवीस.

"दाजी, ही तार कुणीतरी कापून निम्मी केलीय."

"मग निम्मीच तापायला हवी की!"

"उलट. तार आखूड झाली की अडथळा कमी. दोनशे तीस भागिले तेवीस, दहा अँपिअर. तेवीसशे वॅट. पाचाच्या वायरीतून दहा गेले, जळेल नाहीतर काय होईल? घाई झाली होती कुणाला तरी." त्याने दाजींकडे रोखून पाहिलं.

"माझ्याकडे काय बघता? मला प्लगसुद्धा धड लावता येत नाही. विचारा तुमच्या बहिणीला!"

हे मात्र खरं होतं. त्याने कॉइल उजेडात धरली. एका टोकाला डावीकडे तीन पीळ. दुसऱ्या टोकाला डावीकडे चार.

तो बहिणीकडे वळला. गेलेलं नाव परत मिळवायला एक वाक्य पुरलं असतं. ती घडी घातलेलाच शर्ट मोडून पुन्हा घडी घालत होती.

"जाऊ दे ना दादा," ती मान वर न करता म्हणाली. "चुकतं माणसाचं कधीकधी."

"तेच तर म्हणतोय मी!" दाजी म्हणाले.

भागाकाराने कॉइल खिशात टाकली. "हो. शिकवण्यातच चुकलं," म्हणाला आणि पायऱ्या उतरला. त्यानंतर त्या दुकानाची पायरी तो चढला नाही, आणि कुजबूज थांबवायलाही गेला नाही.

लाँड्री त्याने पेटवली नव्हती. इस्त्री लवकर तापावी म्हणून बहिणीने तार कापली होती, आणि नवऱ्याला कळू नये म्हणून तिने भावाचं नाव जाऊ दिलं.