अप्पांचा झिजलेला खराटा

भास्करअप्पा गेल्याचं मला कळलं, ते सकाळचा फोन आला नाही म्हणून. सात वाजले की फोन वाजायचाच, "तुन्हा पारा काय सांगस, भाऊ?" मी भूगोलाचा मास्तर, नंदुरबारच्या घराच्या गच्चीवर तापमापक ठेवून रोजची नोंद करणारा. अप्पा आमच्याच कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, मूळचे धानोऱ्याचे. साडेसातला मीच फोन लावला. सुनेनं उचलला... दीड महिना झाला, सात वाजले की अजून हात फोनकडे जातो.

मोलगीकडच्या डोंगरात मोहाची जुनी झाडं पुष्कळ, पण त्यांची पोरं, म्हणजे नवी रोपं, कुठंच दिसत नाहीत, ही काळजी अप्पांनीच आमच्या गळ्यात बांधली. मला आणि गुरांच्या एका डॉक्टरांना ते ओढत तिकडे घेऊन गेले. मी म्हणालो, उन्हानं रोपं मरतात. डॉक्टर म्हणाले, शेळ्या खातात. ज्यांच्या मोहाखाली आमचं भांडण जुंपलं होतं, त्या रुमालीबाई हसायला लागल्या. "पडलेली फुलं वेचताना दिसावीत म्हणून आम्ही खालचा पाचोळा जाळतो. रोपं त्यातच जातात. तुम्ही विचारलं कुठं?" तिघांच्या वह्या भरल्या होत्या आणि हा प्रश्न एकीतही नव्हता!

अप्पांचा स्वभाव उतावळा. जाळू नका, पाचोळा राहू द्या, खत होईल, असं त्यांनी सांगून टाकलं. बाईंनी ऐकलं. दुसऱ्या उन्हाळ्यात शेजारच्या उतारावरून ठिणगी आली आणि बाईंच्या सासऱ्यांच्या वेळचा मोह उभा जळाला. पारा चढत चाललाय हे माझ्या वहीत होतं, पाचोळा साठलाय हे अप्पांच्या. दोन वह्या शेजारी ठेवायचं मला सुचलं नाही. ती टोचणी आजही आहे.

"झाड मन्हामुळे गयं," अप्पा एवढंच म्हणाले. रुमालीबाईंनी जळक्या बुंध्यावरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "दुसरा मोह आहे ना अजून. तो तरी सांभाळा." त्याच्याखाली गोल झाडायचं, पाचोळा लांब न्यायचा, रोप दिसलं तर भोवती दगड लावायचे, असं तिथंच ठरलं. दर वर्षी फुलं पडायच्या आधी अप्पा स्वतः खराटा घेऊन जीपमध्ये बसायचे. लोक हसायचे, हे खुशाल हसू द्यायचे. सातचा फोनही तेव्हापासूनचा. एक रोप जगलं, गुडघ्याएवढं झालं.

यंदा पारा लवकर चढला आणि तो सांगायला कोणी नव्हतं. पाचोळा वाळला असेल, एक ठिणगी पुरे, या धास्तीनं परवा मीच मोलगीची जीप धरली. रुमालीबाईंनी घराच्या कुडाच्या भिंतीत खोचलेला खराटा काढून दिला. "अप्पांचा आहे. कोणाला हात लावू दिला नाही." अप्पा डावरे, त्यामुळे तो एकाच बाजूनं झिजलेला. माझ्या उजव्या हातात नुसता माती खरवडत राहिला. रुमालीबाई बघत होत्या.

शेवटी मी हात बदलला. पाचोळा निघायला लागला.