तांब्याचं तोंड

"पाटी वर धर. अजून वर. सगळ्यांना दिसू दे."

मी वर्गाच्या उंबऱ्याबाहेर उभा होतो. दोन्ही हातांनी पाटी डोक्यावर धरली होती. मास्तरांना ती हातात घेऊन पोरांना दाखवता आली असती. पण माझ्या पाटीला ते कसे शिवणार? म्हणून माझी शोभा मीच करायची होती.

पाटीवर तांब्या होता. चित्रकलेच्या पहिल्या परीक्षेत जमिनीवर ठेवलेला तांब्या आठवणीतून काढायचा होता. त्या पेपरात मी नापास झालो. तिथं काय दिवे लावलेस ते काढून दाखव, असं मास्तर म्हणाले, म्हणून मी तसाच काढून दाखवला.

"बघा रे," मास्तर म्हणाले. "तांब्या जमिनीवर, आणि ह्याला त्याचं तोंडच दिसत नाही. आढ्याला टांगून पाणी पिता काय रे तुम्ही लोक?"

वर्ग फिदीफिदी हसला. मास्तरांना जोर चढला. "आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?"

ह्याचं उत्तर मला आता सुचतं. आडावर आम्हाला कुणी चढू दिलं होतं?

आम्ही भाईंदरचे महार. बाप मिठागरावर मीठ ओढायचा, आई डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहायची. तिच्या तळपायांच्या भेगांत मीठ जायचं. रात्री ती पाय कुणाला बघू द्यायची नाही. मी गावच्या शाळेत जायचो. जायचो म्हणजे शाळेच्या ओसरीवर बसायचो. ओसरी वर्गापेक्षा हातभर खाली. साहेब तपासणीला आला की तेवढा दिवस मला आत घ्यायचे, साहेब गेला की पुन्हा बाहेर.

चित्रकलेच्या तासाला मास्तर टेबलावर स्टूल ठेवायचे आणि स्टुलावर त्यांचा पितळी तांब्या. आतली पोरं जवळ जायची, बाकावर चढून वरून बघायची. मी खिडकीच्या गजांतून बघायचो, खालून. खालून तांब्याचं पोट दिसतं. तोंड म्हणजे नुसती वर वाकलेली एक रेघ. तीन वर्षं मी ती रेघ घोटली. फार सुबक काढायचो.

घरी मडकं नव्हतं का, असं कुणी विचारेल. होतं. त्यात रोज वाकून पाणी घ्यायचो. पण ते आमचं मडकं. चित्रात काढायचा तो मास्तरांचा तांब्या, तो वेगळाच असणार असं मला वाटायचं. शिकवलं तसं शिकलो, आणि शिकलो तसा नापास झालो.

परीक्षा खाडीपलीकडच्या हायस्कुलात होती. तिथं देखरेखीला उत्तनचे एक ख्रिस्ती ड्रॉइंग मास्तर होते. पेपर संपल्यावर कागद गोळा करताना ते माझ्यापाशी थांबले.

"तू शाळंत बसतो कुठं?"

मी सांगितलं. त्यांनी माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि एका चिठोऱ्यावर लांबट गोल काढला. तांब्याचं तोंड.

"तू खोटा न्हाय काढला," ते म्हणाले. "तुला दिसला तसाच काढला. आता वरून बघ."

माझ्या हातातली पेन्सिल तोवर कुणी घेतली नव्हती. पेन्सिल परत देताना त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. मुंबईला ड्रॉइंग मास्तर तयार करायचा वर्ग आहे. चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा पास हव्यात, आणि वर्तणूक चांगली असल्याचा शाळेचा दाखला हवा. मी घरी येईपर्यंत ठरवून टाकलं होतं.

आणि मग पाटी डोक्यावर धरायचा तो दिवस आला. हात भरून आले होते. अपमानापेक्षा मला दुसरीच आग लागली होती. तीन वर्षं हा माणूस मला खाली बसवतो, आणि वरचं दिसलं नाही म्हणून हसतो.

मधल्या सुट्टीत वर्ग मोकळा झाला. मी उंबरा ओलांडला. टेबलाशी गेलो, तांब्या दोन्ही हातांनी उचलला, खाली जमिनीवर ठेवला आणि वरून पाहिला.

तोंड गोल होतं. सबंध गोल. आतली कल्हई उडाली होती, हिरवट डाग पडले होते. ह्याच्यासाठी मी तीन वर्षं बाहेर बसलो होतो? मी तांब्या पुन्हा उचलला आणि उजेडाकडे करून नीट पाहिला.

मास्तर दारात आले. जवळ येऊन मारलं तर विटाळ, म्हणून ते आम्हाला छडी फेकून मारायचे. ती कानावर बसली. रक्त आलं. तांब्या मी टाकला नाही. जागेवर ठेवला आणि बाहेर आलो.

मास्तरांनी बोभाटा केला नाही. पितळेचा तांब्या टाकून द्यायला त्यांचा जीव होईना. चिंच-राखेनं घासला, गोमूत्र शिंपडलं, गुपचूप पुन्हा वापरायला घेतला. पुढं तोच तांब्या गावच्या सत्यनारायणाला कलश म्हणून पूजेत बसला. गावानं त्याच्यापुढे हात जोडले. मी लांबून बघत होतो. हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती.

दोन वर्षांत मी दोन्ही परीक्षा पास झालो. जर्मनाशी लढाई सुरू झाली होती. चुलता म्हणाला, "पलटनीत जा. कापडं मिलतील, भाकर मिलंल." दुसरं कुणी म्हणालं, साध्या मास्तरकीचं ट्रेनिंग घे, लवकर चिकटशील. मी ऐकलं नाही. गणित ओसरीवर बसून ऐकू येतं, भूगोल ऐकू येतो. चित्र ऐकू येत नाही. ते बघावं लागतं, आणि बघायचं तर पोराला आत घ्यावं लागतं. म्हणून मला ड्रॉइंग मास्तरच व्हायचं होतं.

दाखला मागायला शाळेत गेलो. उंबऱ्याबाहेर उभा राहिलो. मास्तरांनी दौत, टाक आणि कागद ओसरीवर ठेवला.

तोवर गावात कुजबुज सुटली होती. मला तांब्या उचलताना कुणा पोरानं खिडकीतून पाहिलं होतं. बाटलेला कलश पूजेला दिला म्हणून गाव मास्तरांना जाब विचारत होतं.

"लिही," मास्तर हळू आवाजात म्हणाले. "मी तांब्याला शिवलो नाही. मी वर्गात गेलो नाही. मी आत पाहिलं नाही. खाली सही कर. दाखला तयार आहे."

दाखला खरंच तयार होता. त्यांच्या हातात होता. माझं नाव वळणदार अक्षरात लिहिलेलं मला तिथून दिसत होतं.

मी टाक उचलला. पुन्हा ठेवला. घरी आलो.

आई चुलीपुढे होती. सगळं ऐकून म्हणाली, "लिवून दे ना रं. चार अक्षरं तं हायेत. तुजा हात काय झिजनार हाय?"

"आये, मी पाहिलंय ते."

"पाहिलंस ना? मंग तुज्या डोल्यांतून कोन काडून घेनार हाय? लिवून दे. माजे पाय बघ." आणि आयुष्यात पहिल्यांदा तिनं मला तळपाय दाखवले.

मी बघितले. बघून रडलो. तरी लिहून दिलं नाही. ह्याबद्दल आई माझ्याशी पुन्हा कधी बोलली नाही, आणि मी तिला दोष देत नाही.

मुंबईच्या वर्गात नाव घालायची मुदत गेली. पुढच्या जूनमध्ये मी पुन्हा उंबऱ्याबाहेर उभा राहिलो. त्याच्या पुढच्याही. मास्तर दर वेळी कागद खाली ठेवतात, मी दर वेळी कोरा परत ठेवतो. उत्तनचे ते मास्तर वारले. बाप खंगून गेला. मी मिठाच्या गोणींवर काळ्या रंगानं मार्का काढतो, दिवसभर एकच मार्का. औंदा त्या वर्गाची वयाची अटही ओलांडली. आता दाखला मिळाला तरी उपयोग नाही. हे मला कळतं.

तरी जूनमध्ये मी जाणार. मास्तर जिवंत आहेत तोवर जाणार, त्यांच्या जागी दुसरा आला तर त्याच्याकडे जाणार. ओसरीवर अजून दोन पोरं बसतात, गजांतून खालून बघतात. त्यांच्यादेखत मी सांगणार, की तांब्याचं तोंड गोल आहे. मी ते हातात धरून पाहिलं आहे. पाहिलं नाही, असं मी लिहून देणार नाही.