मोबाईलमागची पाचवी

ओल्या चुन्याचा वास आला की मला आमच्या घरातली ती भिंत आठवते. तेव्हा कोरोनामुळं शाळा बंद होत्या, आणि आमच्याकडं भाड्यानं राहणाऱ्या शाळेच्या बाई त्या भिंतीवर फळ्याएवढा काळा रंग देऊन, मोबाईल ज्वारीच्या कणगीला टेकवून पाचवीच्या गणिताचे व्हिडिओ काढायच्या. वर्गात हसतखेळत शिकवणाऱ्या बाई मोबाईलपुढं बातम्या दिल्यासारख्या बोलत, म्हणून मुलं ते बघतच नव्हती. एक दिवस त्या रडकुंडीला आल्या. “समोर तोंड दिसल्याशिवाय मला शिकवता येत नाही. मावशी, तुम्ही बसा मोबाईलमागं.” मी चौथी शिकलेली, चारचौघांत तोंड न उघडणारी, पदर सावरून मांडी घालून बसले. माझ्याकडं बघून बाई खुलल्या. “पाऊण म्हणजे किती पाव?” त्यांनी विचारलं, आणि मी मोठ्यानं बोलून गेले, “तीन!” “पुसा ते, बाई,” म्हणून मी हात जोडले, पण त्यांनी व्हिडिओ तसाच पाठवला. दुसऱ्या दिवशी गल्लीतली एक पोरगी ओरडली, “मावशी, तुमच्या आदी म्या सांगितलं व्हतं!” मग सगळ्या पोरांना तोच नाद लागला, मावशीच्या आधी उत्तर द्यायचं. बाई म्हणाल्या, “अधूनमधून चुकत जा मावशी, पोरांना जिंकू द्या.” म्या म्हणलं, “मुद्दाम कशाला? तशीच चुकंन की!” दोघी पोट धरून हसलो. अशी माझी पाचवी झाली. बाई बदली होऊन गेल्या. काल घराला चुना दिला, तेवढा काळा चौकोन सोडून.